पेंद्याची फजिती

बारामतीचें नांव काढतांच सुशिक्षितांस मोरोपंत आठवतात. १७२९ ते १७९४ या काळांतले हे आर्याकार आमच्या गांवचें भूषण खरेंच. परंतु जत्रेंत गर्दी लोटते ती तमाशाच्या गौळणीला. (पंतांच्या आर्या कीर्तनांतून गाणारे रामजोशीही लावणीकारच होते ना!)

माझें आजोळ इंदापूर तालुक्यांत, नीरेच्या कांठीं. तेथल्या जत्रेंत मामांच्या मांडीवर बसून मीं पहिली गौळण पाहिली. मथुरेच्या बाजारीं निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवितात. पेंद्या लंगडा, बोबडा. त्याच्या प्रेमयाचनेस मिळतें काय, तर मावशीचे टोमणे. ही मावशीही लुगडें नेसलेला पुरुषच! मी पोट धरधरून हंसलों.

घरीं येऊन तें सारें मीं मामीला सांगितलें. ती हंसली नाहीं. पहांटे मात्र जात्यावर तिनें तोच विषय गाइला: विहिरीच्या वाटेवर रोज उभा राहणारा कोणी शौकीन, त्याचा तिरपा फेटा, आणि एके दिवशीं चिखलांत पडून उडालेली त्याची त्रेधा. दळायला आलेली शेजारीण खो खो हंसत सुटली.

जात्यावरच्या अशा लाखावर ओव्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनीं पुढें गोळा करविल्या. त्या चाळतांना मला मामीचा आवाज ऐकूं येतो. तो शौकीन तिनें कल्पिलेला असावा, असें मी पुष्कळ दिवस समजत होतों. परंतु हांकेच्या अंतरावर विहीर असतां मामी पाणी आणी तें नीरेवरून.