खालचा कागद

ऑटोकॅडमध्ये दुसऱ्याचं ड्रॉइंग एक्सरेफ म्हणून आपल्या फाइलीत घेताना एक प्रश्न समोर येतो: अटॅचमेंट की ओव्हरले? ऑफिसातली नवी मुलं तो न वाचताच ओके करतात. मी मात्र तिथे थांबते आणि ओव्हरले निवडते. ही सवय मला अण्णांनी लावली, आणि अण्णांनी स्वतः माऊस क्वचितच हातात धरला.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल करून मी सोलापूरहून पुण्याला आले, तेव्हा रॉटरिंग पेनांची अखेरची वर्षं चालू होती. स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं ऑफिस, आणि अण्णा तिथले हेड ड्राफ्ट्समन. आर्किटेक्टचा प्लॅन बोर्डावर डकवायचा, त्यावर आपला कोरा ट्रेसिंग पेपर, आणि मग कॉलम-बीम. पहिली रेघ ओढण्याआधी अण्णा दोन्ही कागदांवरच्या ग्रिड लाइन जुळवून घ्यायला लावत, त्याही समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर ओल धरतो, फुगतो. एका कोपऱ्यात तंतोतंत बसलेला कागद दुसऱ्या टोकाला सरकलेला असतो. अशा वेळी जिथलं काम, तिथल्या जवळचा ग्रिडचा छेद धरायचा. आणि कागदावर पट्टी ठेवून माप घ्यायचं नाही, लिहिलेलं माप तेच खरं.

एकदा त्यांनी तीन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला धरले आणि टॉयलेटचा कोपरा दाखवला. आर्किटेक्टची भिंत, तिच्याखाली आमचा 230 मिलिमीटर रुंदीचा बीम, आणि प्लंबिंगवाल्यांचा 110 मिलिमीटरचा सॉइल पाइप बरोब्बर त्या बीमच्या पोटातून. तिन्ही ड्रॉइंगं सुटी पाहिली तर निर्दोष होती.

"अण्णा, पाइप आपणच जरा सरकवून दाखवायचा का?" मी विचारलं.

"नाही गं पोरी. खालच्या कागदावर आपलं पेन चालवायचं नाही. ज्याचा कागद, त्याला बोलवायचं."

त्यांनी प्लंबिंग कन्सल्टंटला फोन लावला. तो माणूस येऊन पाइपची जागा बदलून जाईपर्यंत आमचं ट्रेसिंग अमोनिया प्रिंटला गेलं नाही.

1997 साली ऑटोकॅडचं रिलीज 14 आलं आणि पुढे आमच्याकडेही बोर्डांच्या जागी संगणक बसले. अण्णा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसत. एक्सरेफ म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं: आर्किटेक्टची फाइल आपल्या फाइलीत दिसते, पण तिच्यातली एखादी भिंत आपल्याला खोडता येत नाही. त्याने प्लॅन बदलला की आपल्याकडे नवा प्लॅन दिसतो. ते खूश झाले. मग एकच प्रश्न विचारला, "आपला कागद पुढे गेला, की खालचाही त्याच्याबरोबर जातो का?"

सगळी मेख इथेच आहे. आर्किटेक्टचा प्लॅन मी अटॅच केला, तर माझी फाइल आपल्याकडे घेणाऱ्या प्लंबिंगवाल्याला माझ्या बीमबरोबर त्या प्लॅनमधलं फर्निचर, दारांचे कंस, टाइल्स सगळं दिसतं. प्लॅन त्याने स्वतःही घेतलेला असतो, म्हणजे भिंतीवर भिंत. ओव्हरले केला, तर तो माझ्यापुरताच राहतो, पुढच्याला फक्त माझे बीम मिळतात. आर्किटेक्टला माझी फाइल आणि मला त्याची अशी दोघांना एकमेकांची गरज असते, तेव्हाही ओव्हरलेमुळे चक्र होत नाही.

"मग आपल्याला ओव्हरलेच," अण्णा म्हणाले. काचेवर तीन कागद धरणाऱ्या माणसाला ते एका क्षणात कळलं.

त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही ग्रिडचा पहिला छेद प्रत्येक फाइलीत 0,0 वर ठेवायला लागलो, आणि खालच्या प्लॅनच्या सगळ्या लेयरना आठ नंबरचा करडा रंग दिला, म्हणजे आपली रेघ कुठली आणि परकी कुठली हे लांबूनही ओळखू येतं. आजही माझ्या हाताखालची मुलं असंच काम करतात. त्यांच्यातल्या कुणी अण्णांना पाहिलेलं नाही.

दुसऱ्याचा प्लॅन कॉपी करून आपल्या फाइलीत चिकटवणं मला अजिबात खपत नाही. तो त्याच दिवशी शिळा होतो, आणि साइटवर शिळ्या भिंतीखाली बीम ओतला जातो.

या धंद्यात नव्याने आलेल्यांना एवढंच सांगते: ड्रॉइंग पाठवण्याआधी एक्सरेफची यादी उघडा, प्रत्येक फाइलीपुढचा प्रकार आणि तारीख वाचा, आणि खालच्या रेघेत खोट दिसली तर ज्याची ती रेघ आहे त्याला फोन करा.