पावतीनंतरचा वर्ग

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे घालविलेल्या माणसाचा पावतीवर फार विश्वास बसतो. पैसे भरले, शिक्का उमटला, नोंदवहीत क्रमांक पडला की प्रकरण मिटले, ही आम्हां कारकुनांची साधी श्रद्धा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तिला धक्का दिला. दंड भरून तडजोड झाली, तरी उजळणी-प्रशिक्षणाचे बंधन जेथे लागू आहे तेथे ते सुटत नाही, असे त्या कायद्यात स्वच्छ लिहिले आहे.

रामकृष्णपुरमच्या वसाहतीतील आमचे शेजारी, निवृत्तीला टेकलेले एक बंगाली बाबू, या कलमात सापडले. लाल दिवा ओलांडल्याबद्दल त्यांचा परवाना तीन महिने निलंबित झाला. उभ्या नोकरीत ज्यांना साधा मेमो मिळाला नाही, त्यांच्या ते फार जिव्हारी लागले. आमच्या स्कूटरवर मागे बसून ते वर्गास निघाले, आणि आम्हांसही शेवटल्या बाकावर बसण्याची मुभा मिळाली.

शिक्षकांनी उपदेश केला नाही. फळ्यावर गणित मांडले. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर आलेले मूल दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो. ब्रेक लागल्यानंतरही वेग दुप्पट असेल तर थांबण्यास चौपट अंतर लागते. मग त्यांनी एकच आकडा लिहिला : २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. बाबूंनी तो वहीत उतरून घेतला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

पहिल्या बाकावर एक ट्रकचालक होता. त्याचा परवाना अतिवेगाबद्दल गेला होता. बाबूंना तीन महिने बसने कचेरी गाठायची होती. त्याला तीन महिने रोजगारच नव्हता. त्याने उठून अदबीने विचारले, "मास्टरजी, माल सकाळी पोचला नाही तर शेठ पैसे कापतो. शेठचा वर्ग कधी भरतो?" वर्गात हशा पिकला. शिक्षक मात्र हसले नाहीत.

घरी येऊन आम्ही कायदा उघडला. कलम १८३ मध्ये वेगमर्यादा मोडणाऱ्या चालकाबरोबर, आपल्या नोकरास ती मोडावयास लावणाराही दंडास पात्र ठरतो. मोटार कामगारांच्या कामाला दिवसाची ८ तासांची सर्वसाधारण मर्यादा तर १९६१ च्या कायद्यानेच घातली होती. म्हणजे कायदा शेठला विसरलेला नाही. परंतु चालक चौकात सापडतो, कॅमेऱ्यात दिसतो. शेठने दिलेली वेळ तोंडी असते, आणि भाड्याचा हिशेब कपाटात. सोपे ते प्रकरण आधी निकालात काढावे, ही कचेऱ्यांची रीत वाचकांना आम्ही सांगावयास नको. आपल्यापैकी कित्येकांच्या टेबलावरून असेच कागद रोज जातात.

बाबूंना यथाकाल परवाना परत मिळाला. हल्ली ते पिवळा दिवा दिसताच थांबतात आणि मागच्यांचे भोंगे शांतपणे ऐकून घेतात. त्या ट्रकवाल्याचा प्रश्न मात्र आमच्या टिपणवहीत तसाच आहे. त्याच्यापुढे 'निकाली' असा शेरा लिहावयास आमचा हात धजत नाही.