खोक्यावर छापलेला आकडा

वाडीतल्या एका गोडाऊनमध्ये मी अकरा वर्षांपासून सुपरवायझर आहे. अमरावती रोडने जाताना ती शेड तुम्ही पाहिली असतील. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून माल इथे उतरतो, थांबतो, पुन्हा चढतो. लॉजिस्टिक हबच्या गप्पा आपण खूप मारतो. आज जरा थप्पीबद्दल बोलतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची संध्याकाळ, दोन ट्रक बाहेर उभे, आत जागा नाही. खोक्यांवर थप्पीचं चिन्ह होतं, त्यात आकडा ५. म्हणजे एका खोक्यावर जास्तीत जास्त पाच खोके, एकूण सहा थर. वरून फोन आला, आठ लावा.

आमच्याकडचे सगळ्यात जुने हमालकाका म्हणाले, "साहेब, खालचा पुठ्ठा नरम पडला जी. आठ नका लावू."

मी म्हटलं, "लावा काका, सोमवारी माल निघूनच जाते."

सोमवारी ट्रॉलीने पॅलेट उचललं आणि थप्पी झुकली. काकांनी सवयीने हात लावला. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, 'हमालाचा निष्काळजीपणा'. खाली सही माझी.

त्यानंतर मी ते शिकलो, जे अकरा वर्षांत कोणाला विचारलंच नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्याची खरी ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला की वजन सरळ खाली उतरतं. विटांसारखी सांधे मोडून लावलेली थप्पी दिसायला मजबूत, पण वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ भागावर बसतो आणि तो दबतो. सरळ थप्पी हलते हे खरं, म्हणून तिला स्ट्रेच फिल्म गुंडाळायची, आणि ती पॅलेटलाही धरून. खोका पॅलेटबाहेर दोन बोटंही आला तर त्या बाजूचे कोपरे अधांतरी राहतात. पॅलेटची फळी तुटकी असली तरी तेच. जड माल खाली, हलका वर.

आणि ओल! पुठ्ठा हवेतली ओल पितो. मे महिन्यात टणक उभा राहणारा खोका जुलैत तेवढं वजन पेलत नाही. त्यात वजन दोन रात्री तसंच राहिलं तर आणखी दबतो. पडणारी थप्पी हाताने अडवायची नसते, बाजूला व्हायचं असतं. माल परत येतो, हात येत नाही.

यातलं बरंचसं काकांना माहीत होतं. खोक्याला हात लावूनच त्यांना कळलं होतं. पण त्यांना मजुरी नगावर मिळते. थप्पी उतरवून पुन्हा लावायची तर तो वेळ त्यांच्या खिशातून जातो. आणि साहेबाशी वाद घातला तर उद्या हाक मारतील की नाही, ही भीती वेगळीच.

माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. त्याच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. नोंदणी, मंडळ, भविष्य निर्वाह निधी, सगळं त्यातून आलं. फार मोठी गोष्ट आहे ती. पण शनिवारी संध्याकाळी सहा थर की आठ, हे कायद्याचं पुस्तक ठरवत नाही. ते माझ्यासारखा माणूस ठरवतो.

मागच्या महिन्यात मी ऑफिसला दुसरं पत्र दिलं. 'आठ थर लावायला मी सांगितलं होतं. काकांनी नाही म्हटलं होतं.' उत्तर अजून आलेलं नाही. काकांची मूठ अजून पूर्ण वळत नाही. ते आता गेटवर बसतात, रोज नमस्कार करतात, अन् मला त्यांच्याकडे पाहवत नाही.

गोडाऊनवाले, दुकानवाले, ट्रान्सपोर्टवाले मित्रहो, उद्या कामावर गेल्यावर एकच करा. खोक्यावरचा आकडा वाचा, मग वर उभे असलेले थर मोजा. आणि हमाल 'नका लावू' म्हणाला, तर थांबा.