डोंगराअलीकडचे फिजी, डोंगरापलीकडचे फिजी

मुलाबाळांकडे न्यूझीलंडला गेलेल्या आजी-आजोबांच्या बेतात फिजीची सहल पुष्कळदा डोकावते; ऑकलंडहून विमान सुमारे तीन तासांत नांदीला पोहोचते. आपल्या घरी असा बेत शिजत असेल, तर तिकिटे काढण्यापूर्वी नकाशा उघडावा.

व्हिती लेव्हू हे फिजीचे सर्वांत मोठे बेट, सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचे. पुणे विषुववृत्ताच्या जितके उत्तरेस, जवळजवळ तितकेच हे दक्षिणेस. म्हणून ऋतू उलटे. मध्यभागी डोंगराळ प्रदेश. त्यातील तोमानिवी हे सर्वोच्च शिखर १,३२४ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ठेंगणेच; पण काम सह्याद्रीचे करते. आग्नेयेचे व्यापारी वारे समुद्रावरून बाष्प आणतात, डोंगर चढताना थंडावतात आणि अलीकडच्या उतारावरच बरेचसे रिते होतात. त्या बाजूच्या सुवा या राजधानीत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेच्या नांदीत त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. महाबळेश्वरहून वाईला उतरताना जाणवणाऱ्या पालटाचेच हे सौम्य रूप. सुव्याकडे दाट रान आणि ढगाळ आभाळ. नांदी-लाउतोकाकडे उसाचे मळे आणि गवताळ टेकड्या.

हा भूगोल वृद्ध शरीराला थेट भिडतो. घाम वाळला तरच अंग निवते, आणि दमट हवेत तो वाळत नाही. त्यात उतारवयात तहानही उशिरा कळते. नांदीला दुपारी पारा थोडा अधिक चढतो, तरीही कोरड्या महिन्यांत तिथली हवा अधिक सोसवते, असे मला वाटते. मात्र पाणी ठरावीक वेळाने, न मागता हाती द्यावे. हृदयविकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रमाण निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

मे ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस, उकाडा आणि चक्रीवादळांचा. फेब्रुवारी २०१६ मधील ‘विन्स्टन’ने तेथे मोठी हानी केली होती. फिजीत हिवताप नाही, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. दुपारच्या वामकुक्षीलाही पूर्ण बाह्यांचे कपडे बरे.

भाषेची चिंता मात्र नको. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर करारावर येथे आणले गेले. त्यांच्या वंशजांची हिंदी वेगळ्या वळणाची असली, तरी लाउतोकाच्या बाजारात आजींना शहाळे मागता येईल आणि थकवा आला तर तसे सांगताही येईल.