मुलें धरणारी बाई

गेल्या पावसाळ्यांत सहाव्या इयत्तेच्या मुलांस मीं एक हलका निबंध घातला होता: "लहानपणीं मला कोणाची भीति दाखवीत असत?" बागुलबुवा बहुतेकांच्या वहींत होताच, तो बिचारा आतां थकला आहे, त्याला कोणी फारसें भीत नाहीं. परंतु चेटकिणीविषयीं ज्यांनीं लिहिलें त्यांच्या लिखाणांत एक साम्य आढळलें. कोणाची चेटकीण वडाखालीं राहते, कोणाची वैनगंगेच्या कांठीं. कोणी म्हणतो ती न जेवणाऱ्यास धरते, कोणी म्हणतो दुपारीं न निजणाऱ्यास. मात्र प्रत्येक वहींत ती म्हातारी होती आणि एकटी राहत होती.

ह्या कल्पनेचें मूळ मुलांच्या खोड्यांत नसून त्यांच्या मरणांत असावें, असें मला वाटतें. भागवतांतील पूतना खोडकर मुलांच्या मागें लागत नाहीं. ती तान्ह्या बाळांचा जीव घेते. आपल्याकडे पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईची पूजा मांडून बाळाजवळ जागण्याची चाल आहे. पूर्वीं साधारण त्याच सुमारास कित्येक बाळें दूध ओढीनाशीं होत, अंग ताठ होई, आणि पाहतां पाहतां घरांतला पाळणा रिकामा होई. तो धनुर्वात होय. अस्वच्छ विळ्यानें नाळ कापली म्हणजे त्याचे जंतु शरीरांत शिरतात. परंतु आईस जंतु कोठून दिसणार? तिला आठवे ती सकाळीं दारांत डोकावून गेलेली शेजारची विधवा. पुढें गरोदर स्त्रियांस लस टोंचूं लागले, नाळ स्वच्छ पात्यानें कापूं लागले. आणि २०१५ सालीं भारतांत प्रत्येक जिल्ह्यांत हा रोग हजार जन्मांमागें एकाहूनही कमी झाल्याचें जाहीर झालें. एवढ्या मोठ्या चेटकिणीस एका सुईनें पळविलें, ही गोष्ट मात्र आजीच्या गोष्टींत अद्याप आलेली नाहीं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या विदर्भांत मारबत निघते. नागपुरांतील काळी मारबत १८८१ पासूनची व पिवळी १८८५ पासूनची असें सांगतात. काळीस पूतनेचें रूप मानतात. रोगराई घेऊन जा म्हणून लोक ओरडतात आणि शेवटीं तिला जाळतात. मला ह्या उत्सवाचा राग नाहीं. कागद-कामट्यांच्या बाईस दुखत नाहीं. परंतु तींच मुलें एरवीं गल्लींत खेळत असतांना कोणीतरी थोर माणूस काठी टेकीत जाणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवून "ती बघ आली" म्हणतो. मुलें किंकाळ्या फोडीत पळतात, मोठीं माणसें हंसतात. म्हातारीही हंसते, करील काय? पुढें कोणाचें मूल दगावलें, कीं तेंच बोट निराळ्या अर्थानें वर होतें.

आम्हां ख्रिस्ती लोकांसही येथें नाक वर करण्यास जागा नाहीं. अमेरिकेंतील सेलम गांवीं १६९२ सालीं पाद्रीसाहेबांच्याच घरांतील नऊ व अकरा वर्षांच्या दोन मुलींस झटके येऊं लागले. त्या शेजारणींचीं नांवें घेऊं लागल्या. अशा मुलींच्या साक्षींवर विसंबून न्यायालयानें १९ जणांस फांशी दिलें.

हें सर्व दूरचें नव्हे. शेजारच्या छत्तीसगडांत अशा स्त्रीस टोनही म्हणतात. तिचा छळ थांबविण्यासाठीं तेथें २००५ सालीं कायदा करावा लागला. महाराष्ट्राचा कायदा २०१३ चा. त्यासाठीं वर्षानुवर्षें झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्ट रोजीं पुण्यांत खून झाला, आणि मग कांहीं दिवसांतच वटहुकूम निघाला. कोणावर करणीचा आळ घेऊन त्याचें जगणें कठीण करणें हा त्या कायद्यानें गुन्हा आहे.

हें सारें मीं पालकसभेंत सांगितलें, तेव्हां एका मातेनें विचारलें, "सर, मग लेकरूं जेवत नसेल तर करावें काय?" मीं म्हटलें, "बाई, ताट झांकून ठेवा. घटकाभरानें तें आपण होऊन मागेल."