चित्रांच्या शोधांत

यंदाच्या विज्ञान-प्रदर्शनासाठीं आमच्या वर्गानें 'मुंबईंतील प्लेग' हा विषय घेतला, तेव्हां आम्हांस प्रथम चित्रांची गरज भासली. परळ आमच्या शाळेपासून फार दूर नाहीं. तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें १८९९ सालीं वाल्डेमार हाफकिन ह्यांची प्रयोगशाळा आली, व १९२५ पासून ती संस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परंतु प्लेगच्या काळीं मुंबई कशी दिसे, हें आज परळच्या रस्त्यांत उभें राहून कळत नाहीं. तें आम्हांस लंडनच्या एका संग्रहांत पहावयास मिळालें, आणि तेंही गिरगांवांत बसून !

लंडन येथील वेलकम संग्रहानें वैद्यकाच्या इतिहासाचीं एक लाखाहून अधिक चित्रें २०१४ सालीं संगणकाद्वारें सर्वांस खुलीं केलीं. त्यांत आपल्या शहराचा शोध घेतांना 'बॉम्बे' हें जुनें नांव घालावें, म्हणजे पुष्कळ कांहीं हातीं लागतें. प्लेगच्या जंतूंचीं सूक्ष्मदर्शकांतून घेतलेलीं चित्रें, व तो रोग पसरविणाऱ्या उंदरावरील पिसवेचें चित्र, हीं आम्हांस अमेरिकन सरकारच्या 'पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी'मध्यें सांपडलीं.

चित्र मिळालें म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. हाफकिन लोकांस लस टोचीत आहेत, असें एक प्रसिद्ध छायाचित्र वेलकम संग्रहांत आहे. आमच्या विषयास तें अगदीं जुळतें, असें कोणासही वाटेल. परंतु खालची नोंद वाचतां तें कलकत्त्याचें, १८९४ सालचें, व पटकीच्या लसीचें निघतें. हाफकिन मुंबईस आले १८९६ च्या ऑक्टोबरांत, आणि प्लेगची लस त्यांनीं स्वतःस टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजीं. चित्र वापरण्याची अटही नोंदींतच दिलेली असते. कित्येक चित्रें कोणासही मोकळेपणीं वापरतां येतात. कित्येकांखालीं संग्रहाचें नांव द्यावेंच लागतें.

प्लेगच्या इस्पितळांतील रोग्यांचीं छायाचित्रें पाहून आमच्यांत मतभेद झाला. छायाचित्रकाराचें नांव नोंदींत आढळे, रोग्याचें आढळेना. हे आपल्याच शहरांतील लोक, कोणाचे तरी पणजोबा, कोणाची पणजी. आपलें चित्र घ्यावें काय, असें त्यांस कोणी विचारलें असेल काय ? कित्येक म्हणाले, हीं चित्रें लावूंच नयेत. इतरांचें म्हणणें असें कीं, तीं न लावल्यास त्या संकटाची ओळखच पटणार नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं, एकाच रोग्याचा चेहरा जवळून दाखविणारीं चित्रें वगळावीं, संपूर्ण दालनाचें एक चित्र लावावें, व त्याखालीं 'रोग्यांचीं नांवें नोंदलेलीं नाहींत' असें स्वच्छ लिहावें. प्रदर्शनाच्या दिवशीं पुष्कळ पालक त्या एका ओळीपाशीं थांबले.

पुढील वर्षीं हें काम हातीं घेणाऱ्या आमच्या धाकट्या शाळाबंधुभगिनींस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं त्यांनीं चित्र उतरवून घेण्यापूर्वीं त्याखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा.