साक्ष आणि बनाव

आईच्या वर्षश्राद्धाआधी लाटंबार्सेच्या ओसरीवर, वयाच्या पंचेचाळिशीत, आम्ही चिरंजीवांचे शिष्य झालो. ‘प्रीमियर’मध्ये चित्रफितीचे तुकडे कापावे, सांधावे, एकात दुसरा विरघळवावा, ‘आफ्टर इफेक्ट्स’मध्ये अक्षरांना, रेषांना पाय फुटतात, एवढे उमगले. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ केली, तीही काडी किंचित सरकवून, एकेक चौकट टिपून. या दुसऱ्या विद्येचा आम्हांस मोह पडला: छायाचित्रातील आईचे ओठ हलवावे!

चिरंजीव म्हणाले, “बाबा, जोडणे ही साक्ष, हा तर बनाव.”

वकिलास हे मुलाने शिकवावे! आईचे मौन आम्ही तसेच राखले. केवळ तिच्या नावाची अक्षरे सावकाश उमलू दिली.